मटणचे कान

सेल्विन हार्कर बहिरा झालाय, ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक तो स्वतः आणि दुसरा त्याचा कुत्रा, मटण. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घातलेल्या माणसाने कुत्र्याचं नाव याहून वेगळं काय ठेवायचं? मटण बारा वर्षांचा, सेल्विन अठ्ठ्याहत्तरचा, आणि दोघांच्या मिळून चार कानांपैकी चालते कान दोनच. ते मटणचे. कानाच्या डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक होतं म्हणा, पण त्या दीडशे किलोमीटरवर बसत. त्या धरायच्या नाहीत.

तसा तो ठार बहिरा नव्हता. जाडेभरडे आवाज पोचायचे. ट्रक पोचायचा, गडगडाट पोचायचा, जावयाचं घोरणं तर दोन तंबू ओलांडून पोचायचं. गेले ते बारीक आवाज. आधी रातकिडे गेले, मग बेडूक, मग पाखरं, मग किटलीची शिट्टी. लग्नघरातले पाहुणे एकेक करून निघतात आणि यजमानाला कळतं तेव्हा मांडव रिकामा, तसं झालं. बायकांच्या बोलण्यातलं अर्धं हाती लागायचं, उरलेलं तो ओठांवरून जुळवायचा. लेकीच्या, रोंडाच्या बाबतीत तेवढीही गरज पडत नसे. ती काय बोलणार हे त्याला ती बोलायच्या आधीच पाठ असायचं.

कानाची मशिनं त्याने घेतली होती. गुपचूप जाऊन, तपासून, दोन्ही कानांची. एक संध्याकाळ लावली आणि डबीत घालून कपाटात टाकली. ‘कुरकुरतात,’ असं त्याने मटणला सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, या तत्त्वावर पुढची तीन वर्षं बरी गेली.

मूठ उघडायची वेळ आली ती गेल्या महिन्यात. रोंडाने फोन केला, उचलला नाही. असे अकरा फोन झाले. बारावा न करता तिने गाडी काढली आणि टूवुंबा शहरातल्या आपल्या घरून दोन तास हाकत आली. दार उघडून बघते तर काय, स्वयंपाकघरात निळा धूर, छतावरचा धुराचा भोंगा जीव तोडून बोंबलतोय आणि बरोबर त्याच्याखाली बसून तिचा बाप करपलेल्या टोस्टला शांतपणे जॅम लावतोय.

“डॅड! भोंगा!”

लेकीचा हात छताकडे गेला, तेव्हा सेल्विनने वर बघितलं. “ऐकतोय की,” तो म्हणाला. “वाजू दे. त्याचंही मन मोकळं होऊ दे.”

उत्तर तोडीस तोड होतं, पण रोंडा काही दुधखुळी नव्हती. वृद्धाश्रमात रात्रपाळीची मुख्य होती ती, म्हाताऱ्यांच्या लबाड्या कोळून प्यायलेली. तिने भोंगा बंद केला, बापाकडे बघितलं आणि काही बोलली नाही. रोंडा बोलत नाही तेव्हा घाबरायचं असतं, हे सेल्विनला चांगलं माहीत होतं.

त्या गप्प बसण्याचा अर्थ त्याला सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत कळला. दर वर्षी या सुट्टीत घरची सगळी मंडळी कॅसिडीच्या ओढ्यावर दोन रात्री मुक्कामाला जात. सेल्विनच्या पिकअपमध्ये त्याच्या शेजारी नात बसली होती, टेगन, वय वर्षं बारा. दातांना नुकत्याच तारा लावल्यामुळे ती एकेक शब्द भलं मोठं तोंड उघडून बोलायची. सेल्विनला तिचं बोलणं वाचणं म्हणजे पाटीवरचं वाचण्यासारखं होतं.

“पॉप, तू या वेळी हरलास की आमच्याकडे राहायला येणार ना?”

“कशात हरलो की?”

“ओळखण्यात. मम्मी डॅडीला सांगत होती. पॉपला जंगल ऐकू आलं नाही तर परसातल्या खोलीत आणायचा. न्हाणीघरात धरायला दांडापण बसवलाय. मी मटणसाठी गादी आणलीये, निळी.”

बायकोबरोबर, मेव्हिसबरोबर, एक्केचाळीस वर्षं काढलेलं त्याचं घर जंगलाच्या कडेला होतं. मेव्हिस जाऊन चार वर्षं झाली, तरी दाराशी तिचे बूट तसेच होते. ते सोडून टूवुंबाच्या परसात, दांडा धरून आंघोळ करायची? त्याने मटणकडे बघितलं. मटणने जांभई दिली.

आता हे ओळखणं काय, ते सांगितलं पाहिजे. पहिल्या रात्री जेवणं झाली की कंदील विझवायचे, शेकोटीभोवती गप्प बसायचं आणि जंगलातून आवाज आला की कशाचा ते सांगायचं. जो आधी बरोबर सांगेल त्याने आपल्या मगमध्ये निलगिरीचं एक बोंड टाकायचं. ज्याची बोंडं सगळ्यांत कमी, त्याने सकाळी उठून संडासाचा खड्डा खणायचा. रोंडा चालायला लागली तेव्हापासूनचा हा रिवाज. सेल्विन एकदाही हरला नव्हता. आणि ग्लेन घरचा जावई झाल्यापासून खड्डा दुसऱ्या कोणी खणला नव्हता.

ग्लेन शाळेत गणित शिकवायचा. माणूस सोन्यासारखा, पण अंधार पडला की त्याचं सोनं पितळ व्हायचं. कपाळावर तो एवढा मोठा दिवा बांधायचा की समोरच्याला पापी असल्यासारखं वाटावं.

ओढ्यावर पोचल्यावर पहिलं संकट सेल्विनच्या गाडीतच उभं राहिलं. भोंग्याच्या प्रकारानंतर मशिनांची डबी त्याने चार्ज करून येताना बरोबर घेतली होती. अगदीच गळ्याशी आलं तर लावू, असा विचार. ती डबी गाडीच्या पुढच्या कप्प्यात होती, आणि रोंडा काडेपेटी शोधत नेमकी त्याच कप्प्याकडे निघालेली दिसली. सेल्विन म्हाताऱ्या गुडघ्यांना न शोभेल अशा चपळाईने आडवा गेला. डबी मोठी, खिशात फुगून दिसली असती. म्हणून त्याने वालाच्या बियांएवढी ती दोन मशिनं काढून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि रिकामी डबी सीटखाली ढकलली.

“काय शोधतोयस?” रोंडाने विचारलं.

“काडेपेटी,” सेल्विन म्हणाला आणि ती तिच्या हातात दिली.

झालं ते एवढंच. पण ही मशिनं डबीतून काढली की आपोआप चालू होतात, आणि चालू मशिन कापडाखाली दाबलं गेलं की बारीक आवाजात किंचाळत राहतं. डॉक्टरीणबाईंनी हे नीट समजावून सांगितलं होतं. सेल्विनला ते ऐकू आलं नव्हतं.

जेवणाला बिडाच्या भांड्यातलं बकऱ्याचं मांस होतं, बीन्स होत्या आणि निखाऱ्यात भाजलेला पाव होता. रांधलं अर्थात सेल्विननेच. मग कंदील विझले. मटण येऊन त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये बसला आणि सेल्विनने त्याच्या मानेवर हात ठेवला. यात कोणाला वावगं दिसलं नाही. म्हातारा माणूस, म्हातारा कुत्रा.

तीन वर्षांत त्या दोघांनी एक भाषा बसवली होती. मटणचा उजवा कान उभा राहिला की झाडावर चढलेला मांजराएवढा पॉसम. दोन्ही कान पुढे, म्हणजे जमिनीवरून कांगारूची धाकटी बहीण, वॉलबी, उड्या मारत चाललीये. मानेचे केस हाताखाली ताठ झाले की रानडुक्कर. आणि उसासा टाकून मान खाली घातली की बेडूक. बेडकांबद्दल मटणचं मत कधीच चांगलं नव्हतं. शिवाय जंगलाचं वेळापत्रक सेल्विनला तोंडपाठ होतं, तेही कामी यायचं.

पहिला आवाज त्याच्या नशिबाने जाडाच निघाला. कुणीतरी डुकराच्या नरड्यात मोटारसायकल सुरू करावी तसं काहीतरी पलीकडच्या निलगिरीवरून घुरघुरलं. ग्लेन बसल्या जागी वीतभर उडाला.

“कोआला,” सेल्विन म्हणाला. “नर आहे.”

“एवढंसं जनावर आणि हा आवाज?” ग्लेन म्हणाला. दर वर्षी तो हेच म्हणायचा.

टप्. सेल्विनच्या मगमध्ये बोंड पडलं. मग मटणचा उजवा कान उठला. “पॉसम.” टप्. मटणने उसासा टाकला. “बेडूक. ओढ्याच्या वळणावर.” वळण त्याने पदरचं घातलं होतं, पण बेडूक ओढ्यावर नसणार तर काय छपरावर असणार? टप्. टेगनने एक वॉलबी मिळवली, रोंडाने काहीच नाही. सेल्विनच्या लक्षात आलं, रोंडा जंगल ऐकतच नव्हती. ती शेकोटीच्या उजेडात बापाकडे बघत होती. बघू दे, सेल्विन मनात म्हणाला, बघण्यात मी अजून पक्का आहे.

पावणेनऊला ओढ्यावरून गारठा चढायला लागला. सेल्विनने सदऱ्यावर स्वेटर चढवला, स्वेटरवर कोट, आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

मिनिटभरात टेगनची मान वर झाली. मग ग्लेनची. मग मटण उठला, गर्रकन वळला आणि मान वाकडी करून सरळ सेल्विनच्या छातीकडे बघायला लागला. हा इशारा त्यांच्या भाषेत नव्हता. ‘आत्ता काय खायला मागतोस गाढवा,’ सेल्विन मनात म्हणाला. ‘कामाच्या वेळी?’

“ते… ते काय आहे?” ग्लेनचे ओठ म्हणाले.

तिघंही सेल्विनच्या उत्तराची वाट बघत होते. त्याने पटकन हिशेब केला. टेगन वर बघत होती, ग्लेन डावीकडे, रोंडा इकडेतिकडे. आवाज कुठून येतोय कोणालाच कळत नाहीये, म्हणजे बारीक आहे. सगळ्यांच्या कपाळाला आठ्या, म्हणजे गोड नाही. आणि कुत्रा चक्रावलाय, म्हणजे रोजचा नाही.

“काजळी घुबड,” तो ठणकावून म्हणाला. “वरून बॉम्ब पडताना शिट्टी वाजते ना, तसं ओरडतं. फार कमी लोकांना ऐकायला मिळतं.”

हे शेवटचं वाक्य तर अगदीच खरं होतं.

“हो! तस्संच वाटतंय!” ग्लेन म्हणाला. “पण ते थांबत का नाहीये?”

“जोडीदारीण शोधतोय. बायको हरवलेला नर थांबतो होय?”

टप्. चौथं बोंड. सेल्विनला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्या भरात तो शेकोटीत लाकूड सरकवायला पुढे वाकला.

“जवळ आलं!” ग्लेन ओरडला.

सेल्विन मागे रेलला. “गेलं,” ग्लेनने श्वास सोडला. सेल्विन चहाचा डबा घ्यायला वाकला. “आलं! आलं!” सेल्विन मागे रेलला. “गेलं.” सेल्विनला आता मजा वाटायला लागली होती. जावई बसल्या बसल्या कवायत करत होता आणि कारण काही कळत नव्हतं.

“सेल्विन, हे घुबड नाहीये,” ग्लेन कुजबुजला. त्याची कुजबुज जाड होती, पोचली. “यावी असेल.”

यावी म्हणजे जंगलातला केसाळ माणूस. कोणी न पाहिलेला आणि प्रत्येकाच्या मामाने पाहिलेला.

“यावी शिट्टी वाजवत नाही,” सेल्विन म्हणाला. “थांबा. मी बघून येतो.”

“नको, डॅड,” रोंडा म्हणाली. पण सेल्विन उठला होता. जंगलाच्या पोरांना परसातल्या खोलीत कोंडत नाहीत, हे एकदा सिद्ध करून टाकायची हीच वेळ. हातात काठी घेऊन तो ताठ मानेने अंधारात गेला, ओढ्याच्या काठाने पन्नास पावलं चालला, दोन झुडपं झोडपली, वाटेत विधी उरकला आणि परत आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण बनवली तेव्हा कोणीतरी सेल्विनलाच बघितलं असावं.

तो उजेडात आला तर ग्लेन पिकअपच्या हौद्यावर चढलेला होता.

“तुम्ही गेलात आणि ते गेलं,” ग्लेनची बोबडी वळली होती, “आणि तुम्ही आलात आणि… तुमच्या मागे मागे आलंय! सेल्विन, मागे बघू नका!”

सेल्विनने अर्थातच मागे बघितलं. मागे मटण होता, आणि तो अजूनही मान वाकडी करून मालकाच्या छातीकडेच बघत होता.

“घाबरलीस?” सेल्विनने टेगनला विचारलं. तिने मान डोलावली, धावत आली आणि त्याला घट्ट मिठी मारून कोटात तोंड खुपसलं. सेल्विनला भरून आलं. त्यानेही तिला दोन्ही हातांनी छातीशी आवळलं.

टेगन किंचाळत मागे उडाली. “पॉपच्या आत आहे! पॉप, तुझं पोट वाजतंय!”

ग्लेन हौद्यातून उतरून पिकअपच्या आत गेला आणि त्याने दारं लावून घेतली. रोंडा उभी राहिली. तिचा हात तोंडावर होता आणि खांदे हलत होते. पोरगीसुद्धा घाबरली, सेल्विनला वाटलं, एवढी जंगलात वाढलेली.

“पॉपने बीन्स खाल्ल्यात,” रोंडा टेगनला म्हणाली. “चल. झोपायचं आता.”

टेगनला तंबूत घालून ती परत आली तेव्हा सेल्विन एकटाच शेकोटीपाशी मगमधली बोंडं हलवत बसला होता. मनातल्या मनात त्याने परसातली खोली ग्लेनच्या सायकलला देऊनही टाकली होती. रोंडा त्याच्या शेजारी नाही, समोर बसली, तोंडावर उजेड पडेल अशी. आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “डॅड. सदऱ्याचा खिसा.”

सेल्विनने कोटाची बटणं काढली, स्वेटरखाली हात घातला आणि ती दोन मशिनं मुठीत धरून बाहेर काढली. कसं कोण जाणे, सगळं त्याच्या डोक्यात एका झटक्यात जुळलं. कुत्रा. मिठी. बॉम्ब पडताना येते तशी शिट्टी.

“हे ओरडत होतं?”

“अजून ओरडतंय. मूठ उघड.”

त्याने मूठ उघडली. “तुला कधी कळलं?”

“पहिल्या शिट्टीला. बावीस म्हाताऱ्यांची ही शिट्टी मी रोज रात्री ऐकते. उशीखाली, चादरीत, एकदा तर कस्टर्डमध्ये.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“ग्लेनला हौद्यावर चढताना बघायचं होतं,” रोंडा म्हणाली. मग तिचं हसू ओसरलं. “आणि तू एवढा खुशीत होतास. घुबडाचं वगैरे सांगत. किती दिवसांनी.”

सेल्विनने बोंडं मगमधून जमिनीवर ओतली. चार दिवसांपूर्वीच त्याने दाराला नवी जाळी बसवली होती. आता त्या जाळीचा काय उपयोग? “सामान कधी बांधू?” त्याने विचारलं.

“ते नंतर. आधी हे सांग, मशिनं आहेत तर लावत का नाहीस?”

“कुरकुरतात.”

“डॅड.”

“खाज येते.”

“डॅड.”

मटणने दोघांकडे बघितलं आणि डोकं पंजांवर टेकलं. सेल्विन शेकोटीकडे बघत बोलायला लागला, कारण लेकीकडे बघून हे बोलता आलं नसतं.

“लावली होती एकदा. घरी, संध्याकाळी. सगळं ऐकायला आलं. फ्रिज, घड्याळ, माझीच पावलं. आणि… कान बंद असले ना, की मला वाटतं ती आत आहे. काहीतरी करतेय. भांडी लावतेय, गुणगुणतेय, मला ऐकायला येत नाहीये, एवढंच. बहिरा आहे ना मी. पण ते लावलं, आणि आत कोणी नाही, हे ऐकायला आलं.” त्याने नाक ओढलं. “जंगलातल्या कुठल्याच आवाजाला मी कधी भ्यायलो नाही, रोंडा. त्याला भ्यालो.”

सेल्विनने हळूच वर बघितलं. रोंडाचे गाल ओले होते. मग ती उठली, त्याच्या शेजारी येऊन बसली आणि त्याच्या तळहातावरचं एक मशिन उचलून त्याच्यापुढे धरलं.

“आत्ता?”

तिने मान डोलावली. घराकडची दिशा दाखवून बोट नाही म्हणून हलवलं, आणि मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. इथे घर नाही. इथे मी आहे.

सेल्विनने एक लावलं. मग दुसरं. आधी शेकोटी आली, तडतडत, एवढ्या जोरात की तो दचकला. मग ओढा आला. मग बेडूक, शेकड्यांनी, आणि ते वळणावर नव्हते, अगदी पायाशी होते. रातकिड्यांचा तर नुसता पूर आला. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता, आणि तेवढ्यात पलीकडच्या माळावरून कोणीतरी बाई गळा चिरल्यासारखी किंचाळली. लांब, वर वर चढत जाणारी किंकाळी. मग दुसरी बाई. मग तिसरी.

सेल्विनने रोंडाचा दंड गच्च धरला. “अगं मारतायत कोणाला तरी! ऊठ! बंदूक कुठाय?”

“करवानक आहेत, डॅड. पाखरं. तूच शिकवलंयस मला.”

“करवानक?” सेल्विनच्या अंगावरचा काटा उतरेना. “हे एवढे भयंकर ओरडतात?”

“रोंडा!” पिकअपच्या बंद काचेमागून ग्लेनचा आवाज आला. “रोंडा, बायका! ओढ्यापलीकडे बायका!”

बापलेक हसायला लागले. सेल्विनला स्वतःचं हसू ऐकायला आलं, म्हाताऱ्या बकऱ्यासारखं, त्याने तो आणखीच हसला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते थांबेना, आणि ते हसण्याचंच होतं असं काही म्हणता येणार नाही.

“ख्रिसमसपर्यंत मुदत देते,” रोंडा सांगत होती. “सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लावायची. रोज संध्याकाळी आपण फोनवर बोलायचं, त्या वेळी तर नक्कीच. भोंगा वाजला की उठून बंद करायचा, त्याच्याखाली बसून जॅम लावायचा नाही. एवढं जमलं तर राहा तुझ्या घरी. नाही जमलं तर मी ट्रक घेऊन येते, आणि मग एक अक्षर ऐकणार नाही. कबूल?”

सेल्विन तिच्याकडे टक लावून बघत होता.

“डॅड? ऐकलंस का मी काय म्हणाले?”

“तुझा आवाज,” सेल्विन म्हणाला.

“काय झालं माझ्या आवाजाला?”

त्याच्या डोक्यात रोंडाचा आवाज तिच्या तरुणपणीचा होता, पातळ, घाईचा. इतकी वर्षं तो तिच्या ओठांवर तोच आवाज लावून घेत होता. दरम्यान ती पन्नाशीची झाली होती आणि तिच्या गळ्यात काहीतरी खाली बसलं होतं. थोडं खरखरीत, थोडं ओढून बोलणारं. वाक्य संपताना किंचित वर जाणारं. एक्केचाळीस वर्षं त्याच्या स्वयंपाकघरात बोललेलं.

“अगदी तिच्यासारखा झालाय,” तो कसाबसा म्हणाला. “मेव्हिससारखा. कधी झाला?”

सेल्विनच्या नाकाला धार लागली होती. त्याने कोटाची बाही वर केली.

“बाहीला पुसू नकोस रे! रुमाल दिलाय ना खिशात!” रोंडा सवयीने खेकसली.

सेल्विनचा हात हवेतच राहिला. “परत म्हण.”

“काय?”

“ते बाहीचं. परत म्हण.”

रोंडाने त्याच्याकडे बघितलं. तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने आईसारखा एक हात कमरेवर ठेवला आणि म्हणाली, “बाहीला पुसू नकोस, सेल्विन. रुमाल दिलाय ना खिशात?”

सेल्विनने मुद्दाम बाही नाकाला लावली.